इलेक्ट्रिक रंध्याची पाती बदलताना

प्रश्न असा आला आहे: "काका, पेडण्याला आमच्या जुन्या घराची दारे पावसात फुगून अडतात, म्हणून ८२ मिलिमीटरचा जुना इलेक्ट्रिक रंधा विकत घेतला. दुसऱ्याच दारात खिळा लागला आणि एका पात्याचा टवका उडाला. नवी जोडी आणली, पण बिघडले होते तेवढेच एक बदलले. आता मशीन थरथरते आणि फळीच्या शेवटी खड्डा पडतो. दुसरेही बदलावे लागेल का? आणि हात न कापता हे काम कसे करायचे?"

दुसरेही बदल, आणि ते बदलून होईपर्यंत मशीन सुरू करू नकोस. थरथर आणि शेवटचा खड्डा, दोन्ही एकाच गोष्टीकडे बोट दाखवतात. नवे पाते जिथे बसायला हवे त्याहून वर बसले आहे, किंवा जुन्याशी त्याची जोडी जमत नाही. ८२ च्या साध्या मशीनचा ड्रम, म्हणजे पाती बसवलेला फिरणारा रूळ, मिनिटाला १६ हजारांच्या आसपास फेरे घेतो. ड्रमवर दोन पाती, म्हणजे मिनिटाला सुमारे ३२ हजार वेळा लाकडावर घाव पडतो. या वेगात दोन पात्यांच्या वजनातला किंवा उंचीतला अगदी थोडा फरकही हाताला जाणवतो आणि बेअरिंगला त्याहून जास्त जाणवतो. म्हणून पाती नेहमी जोडीने बदलायची, जोडीने उलटायची आणि धार लावायची असेल तर तीही जोडीने.

आता आधी तुझ्याकडे कोणती पाती आहेत ते बघ, कारण पुढचे सगळे त्यावर ठरते. या मशीनला दोन जातीची पाती येतात. पहिली कार्बाइडची बारीक पट्टी, साधारण ८२ मिमी लांब, ५.५ मिमी रुंद आणि १.१ मिमी जाड. तिला दोन्ही बाजूंनी धार असते आणि मधून एक लांब खाच असते. एक धार गेली की उलटून लावायची, दुसरीही गेली की टाकून द्यायची. आपल्या साध्या दगडावर तिला धार लागत नाही. दुसरी जात एचएसएसची, म्हणजे हाय स्पीड स्टीलची, ८२ बाय २९ मिमी आणि ३ मिमी जाड, हातरंध्याच्या पात्याची आठवण करून देणारी. तिला एकच धार असते, पण ती पुन्हा पुन्हा लावता येते. तुझ्या पात्याचा खिळ्यावर टवका उडाला म्हणतोस, त्यावरून ते कार्बाइडचे असावे. कार्बाइड फार कडक असते, पण ठिसूळही तितकेच. एचएसएसवर खिळा लागला तर बहुधा खाच पडते किंवा धार दुमडते.

दुकानात "८२ ची पाती द्या" एवढेच सांगून चालत नाही. दिसायला तशीच पण ८०.५ मिमी लांबीची आणि किंचित वेगळ्या जाडीची पातीही मिळतात, ती काही वेगळ्या मशीनची. म्हापशाला किंवा फोंड्याला हार्डवेअरच्या दुकानात जाशील तेव्हा जुने पाते पुठ्ठ्यात गुंडाळून सोबत ने आणि काउंटरवर शेजारी ठेवून बघ. लांबी, जाडी आणि मधली खाच जुळली तरच घे. पात्याची पाकिटे बहुधा जोडीचीच असतात. एकच सुटे पाते कुणी स्वस्तात देऊ केले तर नको म्हण.

हात कापण्याची भीती तुला पात्याची वाटते, पण पाते बदलताना पात्याइतकेच लक्ष प्लगकडे हवे. बटण बंद आहे, एवढ्यावर थांबू नकोस. प्लग सॉकेटमधून उपटून काढ आणि वायर ओढून प्लग आपल्यासमोर टेबलावर, डोळ्यांना दिसेल असा ठेव. घरात दुसरी माणसे असतात, कुणीतरी पंखा लावायला म्हणून येतो आणि समोर दिसेल तो प्लग भिंतीत खुपसतो. त्यात आपल्याकडे पावसाळ्यात लाईट जाते आणि मनाला येईल तेव्हा येते. "आता लाईट नाहीच आहे, तेवढ्यात पाती बदलून घेऊ" हा विचार सगळ्यात वाईट. पुष्कळ मशीनना ट्रिगर दाबलेला अडकवून ठेवायचे बटण असते. काम चालू असताना लाईट गेली, बटण तसेच अडकलेले राहिले, आणि तुझी बोटे ड्रमवर असताना लाईट आली तर सांगायला काही उरत नाही. लाईट गेली की पहिले काम ते बटण सोडवायचे, दुसरे प्लग काढायचे. बॅटरीचे मशीन असेल तर बॅटरी बाहेर काढून बाजूला ठेव.

प्लग काढल्यावर ड्रम पूर्ण थांबला आहे याची खात्री कर. ट्रिगर सोडल्यावर तो काही सेकंद फिरत राहतो, आणि आवाज थांबला म्हणजे फिरणे थांबले असे नसते.

मशीन उलटे करून ठेव, तळ वर. खाली रबरी चटई किंवा जाड पुठ्ठा घाल. गोणपाट किंवा टॉवेल नको, त्याचे धागे हवेच्या जाळीतून आत जातात. मशीन डगमगत असेल तर दोन्ही बाजूंना लाकडाचे ठोकळे लाव. हातात चामड्याचे मोजे असू देत, पण ते फक्त पाती हाताळण्यापुरते. मशीन चालवताना मोजे काढायचे, कारण फिरणाऱ्या ड्रममध्ये मोज्याचे टोक अडकले तर ते बोटासह आत ओढले जाते.

आता बोल्ट. एका पात्याला सहसा तीन बोल्ट असतात. काही मशीनना षटकोनी डोक्याचे, त्यांना मशीनसोबत आलेला पाना लागतो. काहींना अ‍ॅलन की, म्हणजे षटकोनी टोकाची वाकडी चावी. इथे एक बारीक गोष्ट नीट समजून घे. घट्ट बसलेला बोल्ट सुटतो तेव्हा हळूहळू सुटत नाही, एकदम "टक्" करून सुटतो. त्या क्षणी पान्यावर जोर लावलेली मूठ ज्या दिशेला जाईल तिथे पाते असेल, तर सांध्यांवरची कातडी त्या धारेवर जाते. म्हणून पाना लावण्याआधी ड्रम असा फिरवून ठेव की जोर लावलेला हात पात्यापासून लांब जाईल. ते शक्य नसेल तर पात्याच्या धारेवर जाड पुठ्ठ्याची दुमडलेली पट्टी चढव, तिला चिकटपट्टी लाव आणि मगच पाना फिरव. ड्रम रोखून धरायला दुसऱ्या हाताने दुसरे पाते पकडू नकोस. ड्रम आणि बॉडीच्या मधल्या जागेत लाकडाची पाचर घाल. पेचकस घातलास तर ड्रमला ओरखडे पडतील आणि कदाचित दुसऱ्या पात्याचीही धार जाईल.

आपल्याकडे समुद्राच्या हवेत हे बोल्ट गंजतात, विशेषतः जुन्या मशीनचे, विशेषतः पावसाळाभर पडून राहिलेल्याचे. बोल्ट हलत नसेल तर पान्याला पाइप लावून लांब करू नकोस. गंज सोडवणाऱ्या तेलाचे दोन थेंब टाक आणि चहा पिऊन ये. डोक्याचे कोपरे गोल झालेले बोल्ट परत वापरायचे नाहीत, त्याच मशीनचे नवे आण. बाजारातला "तसाच दिसतो" म्हणून मिळणारा बोल्ट इथे नको. आटे जुळले तरी लांबी वेगळी असू शकते, आणि १६ हजार फेऱ्यांत तोच बोल्ट पात्याला धरून ठेवणार असतो.

बोल्ट दोन-तीन फेरे सैल झाले की कार्बाइडचे पाते बाजूने, म्हणजे ड्रमच्या टोकाकडून सरकवून काढता येते. अडकले असेल तर ते धरणाऱ्या पट्टीवर लाकडाच्या तुकड्याने हलका ठोका दे. पात्याला बोटाने ढकलू नकोस, लाकडाच्या काडीने ढकल. एका वेळी एकच पाते काढ. दुसरे जागेवर असेल तर पट्टी कुठल्या बाजूने होती, खाच कुठे होती हे विसरल्यावर बघायला समोर नमुना राहतो. ज्यांना या कामाची सवय नाही त्यांच्यासाठी हाच मार्ग बरा, फक्त दुसऱ्या पात्याला पुठ्ठा चढवायचे विसरायचे नाही.

आता सगळ्यात जास्त दुर्लक्षित होणारे काम, सफाई. सागाचे तेल, फणसाचा चीक, जुन्या दाराचा ऑइलपेंट, हे सगळे बारीक भुशात मिसळून पाते बसते त्या बैठकीत दगडासारखे घट्ट होते. वरून काही दिसत नाही. पण त्या थराची जाडी कागदाएवढी असली तरी नवे पाते तेवढे वर किंवा तिरके बसते. माझा अंदाज असा की तुझे नवे पाते त्यामुळेच वर बसले. जुना टूथब्रश आणि थोडे रॉकेल किंवा थिनर घेऊन बैठक, पट्टी आणि बोल्टची भोके साफ कर. नंतर कोरड्या फडक्याने पूस आणि वास जाईपर्यंत थांब. ओल्या थिनरवर मशीन सुरू करायचे नाही, मोटरीत ठिणग्या उडतात. बोल्टच्या आट्यांना लावलेले तेलही पुसून टाक.

बसवताना कार्बाइडच्या पात्याची खाच पट्टीच्या उंचवट्यात नीट बसली पाहिजे. त्या खाचेमुळेच त्याची उंची आपोआप ठरते. पट्टीच्या मागे किंवा ड्रमच्या बाजूला उंची जुळवायचे छोटे स्क्रू दिसतील. ते कारखान्यात जुळवलेले असतात, त्यांना हात लावू नकोस. जुने मशीन विकत घेताना आधीच्या मालकाने नेमके तेच फिरवून ठेवलेले असू शकतात, म्हणून तपासणी मात्र करायची. कशी ते पुढे येते.

एचएसएसची पाती असतील तर उंची तुलाच जुळवावी लागते. मशीनसोबत एक छोटा गेज यायचा. त्याच्या कडेला पात्याची धार टेकवायची, मागची पट्टी त्याच गेजला लावून तिचे स्क्रू आवळायचे आणि मग ती जोडी ड्रमच्या खाचेत उतरवायची. दुसऱ्याच्या हातून आलेल्या मशीनसोबत हा गेज बहुधा येत नाही. तो वेगळा मिळतो का ते विचार. नाहीच मिळाला तर पुढची लाकडी पट्टीची चाचणी आणि सबुरी, एवढ्यावर काम होते.

लांबीच्या बाजूने पाते दोन्ही टोकांना ड्रमच्या कडेशी बरोबर हवे, बाहेर आलेले चालत नाही, बॉडीला घासेल. याला एकच अपवाद. चौकटीला खाच काढायची असेल तर त्या कामाच्या बाजूने पाते तळाच्या कडेपासून किंचित, ०.३ ते ०.६ मिमी, बाहेर ठेवतात. दारे घासायला त्याची गरज नाही.

बोल्ट एकदम एक-एक करून पूर्ण आवळायचे नाहीत. आधी मधला हलका, मग दोन टोकांचे हलके, मग त्याच क्रमाने थोडे थोडे घट्ट. एका टोकाचा बोल्ट आधी पूर्ण आवळला तर पट्टी तिरकी होते आणि दुसऱ्या टोकाला पाते उचलले जाते. आवळायला सोबत आलेला छोटा पानाच वापर. तो लहान असतो त्याला कारण आहे. मनगटाच्या जोरावर जेवढे आवळते तेवढे पुरे. ड्रम बहुधा अ‍ॅल्युमिनियमचा असतो, त्यातले आटे एकदा गेले की नवा ड्रम घ्यावा लागतो.

आता खरी तपासणी, आणि इथे मागच्या तळाकडे, म्हणजे ड्रमच्या मागच्या सपाट भागाकडे, बघायचे. पुष्कळांना वाटते की पात्याची उंची पुढच्या तळाशी जुळवायची. पुढचा तळ खोली ठरवतो, तो नॉबने खालीवर होतो. पाते मागच्या तळाशी समपातळीत हवे. रंधा लाकूड कापून पुढे गेला की कापलेल्या भागावर मागचा तळच टेकतो. पाते त्याच्याहून वर असेल तर मागचा तळ कापलेल्या भागावर टेकतच नाही, अधांतरी राहतो. फळी संपते तेव्हा पुढचा तळ लाकडावरून सुटतो, मशीन मागे कलते आणि पाते तेवढ्यापुरते खोल घुसते. हा तुझा शेवटचा खड्डा. याच्या उलट, पाते मागच्या तळापेक्षा खाली राहिले तर खड्डा फळीच्या सुरुवातीला पडतो. आणि एका बाजूने वर, एका बाजूने खाली असेल तर फळीवर लांबच्या लांब रेघ उमटते. तीन खुणा, तीन कारणे. पुढे कधी काम बिघडले तर मशीन खोलण्याआधी फळीच बघ.

तपासायला हाताच्या लांबीची सरळ लाकडी पट्टी घे. पोलादी फूटपट्टी एचएसएसला चालते, कार्बाइडला नको, तिने टवका उडतो. खोलीचा नॉब शून्यावर आण. पट्टी मागच्या तळावर लांबीच्या दिशेने अशी ठेव की तिचे टोक ड्रमवर येईल. आता लाकडाच्या काडीने ड्रम हळूहळू फिरव. पात्याची धार पट्टीला नुसती चाटून गेली पाहिजे. पट्टी उचलली गेली तर पाते वर आहे, काहीच लागले नाही तर खाली आहे. धारेने पट्टी एखाद-दोन मिमी पुढे ओढली तर हरकत नाही, पण ती ड्रमच्या डाव्या, मधल्या आणि उजव्या भागात सारखीच ओढली गेली पाहिजे आणि दोन्ही पात्यांना सारखीच. मागच्या तळावर वाळलेला रंग किंवा चीक असेल तर ही तपासणी खोटे सांगेल, म्हणून आधी तोही पूस.

पुठ्ठे काढ, पाचर काढ, पाना टेबलावर मोजून ठेव. पाचर आत राहिली आणि मशीन चालू केले तर ती गोळीसारखी सुटते. काडीने ड्रमचे दोन-तीन पूर्ण फेरे घे, कुठे घासल्याचा आवाज येतो का ऐक.

पहिल्यांदा सुरू करताना डोळ्यांवर गॉगल हवाच. मशीन दोन्ही हातांनी धर, तळ अंगापासून लांब, कुणाच्याही दिशेने नको, भुसा बाहेर पडतो ते तोंडही कुणाकडे नको. अर्धा मिनिट नुसते चालू दे. सूर एकसारखा असला पाहिजे. घरघर किंवा थरथर जाणवली तर लगेच बंद. मग पुन्हा प्लग काढून बोल्ट एकदा तपास. नव्याने बसवलेले पाते थोडे फिरल्यावर बोल्ट किंचित सैल पडू शकतात. त्यानंतर एखाद्या टाकाऊ फळीवर अर्ध्या मिमीपेक्षा कमी खोलीचा एक हात मारून बघ. दारावर नाही.

एवढे करूनही थरथर राहिली तर पात्यांचा दोष नाही. बाजूचे कव्हर उघडून दातेरी बेल्ट बघ, त्याचे दाते झिजले किंवा तुटले असतील. ड्रम काडीने वर-खाली हलवून बघ, ढिला लागला तर बेअरिंग गेले. त्यासाठी सर्व्हिस सेंटर गाठ, ते घरी करायचे काम नव्हे.

आता तुझ्या दारांबद्दल, कारण नाहीतर महिन्याभरात नवी जोडी पुन्हा जाईल. जुन्या घरांच्या दारांत खिळे कुठे असतील सांगता येत नाही. कुणी देवाचे तोरण लावायला ठोकलेला, कुणी बिजागरी बदलताना मोडून आत राहिलेला, वर रंगाचे चार थर. मशीन लावण्याआधी ताकदवान चुंबक कडेवरून फिरव. चिकटला तिथे खणून खिळा काढ, नाहीतर तेवढा भाग हातरंध्याने किंवा पटाशीने कर. जुना ऑइलपेंट पाते बोथट करतो आणि त्यात शिसे असू शकते, म्हणून तो आधी खरवडून काढ, मास्क लावून, पोरे आसपास नसताना. सागात सिलिका असते, त्यामुळे साग घासून पाती लवकर बोथट होतात. ते स्वाभाविक आहे, त्यात पात्याला दोष देऊ नकोस. माडाचे लाकूड तर त्याहून वाईट. त्यावर इलेक्ट्रिक रंधा चालवायचा असेल तर एक जोडी त्यासाठीच वेगळी ठेव.

आणि जुलैत दार अडते म्हणून भरपूर घासू नकोस. चवथीच्या आधी सगळ्यांना घाई असते, मेस्त म्हणजे सुतारही मिळत नाही, आणि लोक पाहुणे यायच्या आत दार सुटे करून घेतात. मग पाऊस गेला, ऑक्टोबरचे ऊन पडले की तेच लाकूड आकसते आणि फटीतून बाहेरचे सगळे दिसते. पावसात फक्त अडणारी जागा, तीही थोडीशी घास. वरची आणि खालची कड बहुतेक दारांची बिनरंगाची राहते, पाणी तिथूनच शिरते. दार कोरडे झाल्यावर, डिसेंबरच्या सुमारास, ते उतरवून त्या दोन कडांना सीलर लाव. पुढच्या वर्षी रंधा काढायची वेळ कमी येईल.

काढलेली पाती कचऱ्याच्या पिशवीत सुटी टाकू नकोस, पंचायतीचा कचरा वेगळा करणाऱ्यांचे हात त्यात जातात. चिकटपट्टीत गुंडाळून डब्यात साठव. कार्बाइड लोखंडाहून वेगळ्या भावाने जाते, भंगारवाल्याला तसे सांगून दे. एचएसएसची जोडी असेल तर ती टाकायचीच नाही, धार लावून घे. दोन्ही पाती एकाच वेळी, एकाच कोनात धरणारा होल्डर वापरून, दगडावर पाणी घालत, दोघांची सारखीच घासाई होईल अशी. धार लावणाऱ्याला द्यायची असतील तर त्यालाही बजावून सांग की जोडी आहे, वजनाने सारखी राहू दे.